प्रश्नपत्रिका आणि पर्जन्यमापक : भारतीय शाळांतील हवामानशिक्षणाची पन्नास वर्षे

भारतातील प्रत्येक शाळेत आज पर्यावरण हा विषय सक्तीने शिकवला जातो, त्यामागे न्यायालयाचा एक आदेश आहे. वकील एम. सी. मेहता यांनी दाखल केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २२ नोव्हेंबर १९९१ रोजी निकाल दिला. चित्रपटगृहांनी प्रत्येक खेळाआधी पर्यावरणाविषयीच्या किमान दोन पारदर्शिका विनामूल्य दाखवाव्यात, आकाशवाणी आणि दूरदर्शनने रोज काही मिनिटे या विषयाला द्यावीत आणि शिक्षण मंडळांनी पर्यावरणशिक्षण टप्प्याटप्प्याने सक्तीचे करावे, असे त्यात म्हटले होते. चित्रपटगृहांतील त्या पारदर्शिका आज कोणाच्या स्मरणातही नसतील. शाळेतला विषय मात्र राहिला.

राहिला, तरी तो रुजायला आणखी बारा वर्षे गेली. राज्यांकडून पुरेशी अंमलबजावणी होत नसल्याचे मेहता यांनी पुन्हा न्यायालयाच्या निदर्शनास आणले. १८ डिसेंबर २००३ रोजी न्यायालयाने राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेला, म्हणजे एनसीईआरटीला, पहिली ते बारावीसाठी नमुना अभ्यासक्रम तयार करण्यास सांगितले. जुलै २००४ मध्ये तो अभ्यासक्रम सर्व राज्यांनी स्वीकारावा, असा आदेश निघाला. जगातील फारच थोड्या देशांत एखादा शालेय विषय अशा रीतीने न्यायासनावरून वर्गात आला असेल.

आदेशाने विषय आला आणि विषयाबरोबर त्याची वही, त्याचे गुण आणि त्याची प्रश्नपत्रिकाही आली. महाराष्ट्रात अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना ‘पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा’ हा विषय परिचित आहे. त्याची प्रकल्पवहीही परिचित आहे. ती अनेकदा एकाच्या वहीवरून दुसऱ्याच्या वहीत उतरत जाते, हेही शिक्षकांना आणि पालकांना ठाऊक आहे. ओझोनचा थर, हरितगृह परिणाम, हिमनद्यांचे वितळणे यांची व्याख्या, कारणे, परिणाम आणि उपाय मुले पाठ करतात. उत्तर बरोबर असते, गुणही मिळतात. परंतु आपल्या गावात गेल्या वर्षी किती पाऊस पडला, हे त्या उत्तरपत्रिकेत कोठेही लिहावे लागत नाही.

या सरकारी वाटेच्या आधीच आणि तिच्यापासून दूर, दुसरी एक वाट सुरू झाली होती.

१९७२ साली मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या नर्मदापुरममध्ये, सोळा माध्यमिक शाळांत विज्ञान शिकवण्याचा एक प्रयोग सुरू झाला. ‘किशोर भारती’ आणि रसूलियाचे ‘फ्रेंड्स रूरल सेंटर’ या दोन संस्थांनी राज्य सरकारच्या परवानगीने तो हाती घेतला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील आणि दिल्ली विद्यापीठातील शास्त्रज्ञ त्यासाठी खेड्यांतील शिक्षकांबरोबर बसले. सहावी ते आठवीच्या मुलांसाठी ‘बाल वैज्ञानिक’ नावाची पुस्तके तयार झाली. त्यांत उत्तरे दिलेली नव्हती. प्रयोग होते आणि प्रश्न होते. मुलांनी चार-चारच्या टोळीत बसावे, स्वतः प्रयोग करावा, निरीक्षण वहीत लिहावे आणि त्यावर वर्गात वाद घालावा, अशी ती पद्धत होती. १९७८ मध्ये हा कार्यक्रम जिल्ह्यातील सर्व माध्यमिक शाळांत पोहोचला. १९८२ मध्ये त्याच्या पाठीशी उभी राहण्यासाठी ‘एकलव्य’ ही संस्था स्थापन झाली. पुढे पुण्यात आयुकाच्या बालविज्ञान केंद्रात टाकाऊ वस्तूंतून वैज्ञानिक खेळणी करणारे अरविंद गुप्ता यांनी आपल्या कामाचा पहिला धडा १९७८ मध्ये होशंगाबादेतच घेतला.

या प्रयोगाचे खरे धाडस परीक्षेत होते. लेखी परीक्षेत मुलांना पुस्तक आणि वही उघडून उत्तरे लिहिता येत. प्रात्यक्षिक परीक्षाही असे. पाठांतराला किंमत उरली नाही, तेव्हा मुलांना आणि शिक्षकांनाही निरीक्षणाकडे वळावे लागले. हा मुद्दा पर्यावरणशिक्षणाच्या पुढील इतिहासात पुन्हा पुन्हा समोर येतो : वर्गात काय शिकवले जाते, हे पुस्तकापेक्षा परीक्षा अधिक ठरवते. होशंगाबादचा कार्यक्रम सुमारे एक हजार शाळांपर्यंत गेला. २००२ मध्ये राज्य सरकारने तो बंद केला. तेव्हा त्याला तीस वर्षे झाली होती. हा तीसचा आकडा लक्षात ठेवण्याजोगा आहे, कारण हवामानशास्त्रात त्याला विशेष अर्थ आहे. तो पुढे येईलच.

हिमालयाच्या पायथ्याशीही असेच काही घडत होते. १९८७ नंतर अल्मोड्याच्या ‘उत्तराखंड सेवा निधि’ या संस्थेने कुमाऊँ-गढवालच्या शाळांसाठी ‘हमारी धरती, हमारा जीवन’ हा अभ्यासक्रम उभा केला. डोंगरातल्या मुलांच्या घरी सरपण आणि चारा ही रोजची चिंता होती. ते आणण्याचे श्रम आई-बहिणींच्या वाट्याला येत. या अभ्यासक्रमात मुले गावात किती लाकूड जळते, किती चारा लागतो आणि गावाच्या जमिनीवर तो किती उगवतो, याचे मोजमाप करू लागली. सरपणाची मोळी वजनकाट्यावर चढली. मागणी आणि उपज यांतील तफावत आकड्यांत दिसली, तेव्हा ‘जंगले वाचवा’ या घोषणेला प्रथमच हिशेबाचा आधार मिळाला.

१९९३ मध्ये केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाच्या पुढाकाराने राष्ट्रीय बालविज्ञान परिषद सुरू झाली. दहा ते सतरा वर्षांच्या मुलांनी छोट्या गटात आपल्या परिसरातील एखादा प्रश्न निवडावा, काही महिने त्याचा अभ्यास करावा आणि निष्कर्ष मांडावेत, हे तिचे सूत्र आहे. जिल्हा, राज्य आणि राष्ट्र अशा तीन पायऱ्या चढून निवडक प्रकल्प डिसेंबरअखेरीच्या संमेलनात येतात. २०१४ आणि २०१५ या दोन वर्षांसाठी परिषदेचा मुख्य विषय ‘हवा आणि हवामान समजून घेऊ या’ असा होता. त्या दोन वर्षांत देशभरातील शाळकरी मुलांनी पावसाच्या, तापमानाच्या, शेतीच्या आणि आजारांच्या नोंदी केल्या. दोन वर्षांनी विषय बदलला. नोंदवह्याही बहुधा मिटल्या.

दोन वाटा आता स्पष्ट दिसतात. एका वाटेवर कायद्याचे बळ होते, पुस्तक होते आणि परीक्षा होती. दुसरीवर मोजमाप होते, कुतूहल होते आणि परिसर होता. पहिली टिकाऊ होती, पण निर्जीव होत चालली होती. दुसरी जिवंत होती, पण टिकत नव्हती.

त्यांना एकत्र आणण्याचा सर्वांत विचारपूर्वक प्रस्ताव २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात आढळतो. त्यासाठी नेमलेल्या ‘परिसर आणि शिक्षण’ या गटाचे अध्यक्ष होते परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ. गटाची मांडणी मोलाची होती. देशातील लाखो शाळांत मुले दरवर्षी प्रकल्प करतात, ते गुण मिळाल्यावर रद्दीत जातात. त्याऐवजी मुलांनी आपल्या परिसरातील पाणी, जमीन, झाडे आणि प्राणी यांच्या खऱ्या नोंदी कराव्यात, त्या एका खुल्या माहितीकोशात एकत्र याव्यात आणि भारताच्या पर्यावरणाची सर्वांना पाहता येईल अशी माहिती त्यातून उभी राहावी. विद्यार्थी येथे ज्ञानाचा ग्राहक राहत नाही, निर्माता होतो. गाडगीळ यांनी पश्चिम घाटातील खेड्यांत लोकांबरोबर जैवविविधतेच्या नोंदवह्यांचे काम केले होते. सामान्य माणसाचे निरीक्षण विज्ञानाच्या उपयोगी पडते, हा त्यांचा अनुभव या प्रस्तावामागे होता. आराखडा स्वीकारला गेला. पाठ्यपुस्तकांचा सूरही काहीसा बदलला. मुलांच्या नोंदींचा तो देशव्यापी कोश मात्र कागदावरच राहिला.

हवामानबदलाच्या बाबतीत हे अपुरेपण अधिक जाणवते. याचे कारण विषयाच्या स्वरूपात आहे. मराठी भूगोलाच्या पुस्तकांनी ‘हवा’ आणि ‘हवामान’ हा भेद पूर्वीपासून जपला आहे. एखाद्या ठिकाणची आजची स्थिती म्हणजे हवा, तर दीर्घकाळची सरासरी म्हणजे हवामान. बोलण्यात हा भेद पुसला जातो. हवामान खात्याचा उद्याचा अंदाज हा वास्तविक हवेचा अंदाज असतो. सरासरी काढण्यासाठी जगभर साधारणपणे तीस वर्षांचा काळ प्रमाण मानतात. म्हणून हवा डोळ्यांना दिसते, कातडीला जाणवते. हवामान कोणालाच दिसत नाही. ते फक्त नोंदवहीत दिसते. पंधरा वर्षांच्या मुलाच्या सगळ्या आयुष्यात हवामानाचा अर्धाच एकक मावतो. ‘यंदा उन्हाळा फार कडक आहे’ हा त्याचा अनुभव खरा असतो, पण तो पुरावा नसतो. हवामानबदल शिकवण्यातील मूळ अडचण ही आहे, आणि केवळ पुस्तक बदलून ती सुटत नाही.

भारतात पुराव्याची परंपरा मात्र मोठी आहे. भारतीय हवामान विभागाची स्थापना १८७५ मध्ये झाली. त्यामागे १८६४ च्या कलकत्त्याच्या वादळाचा आणि त्यानंतरच्या दुष्काळांचा धडा होता. स्वातंत्र्यानंतर पुण्याच्या हवामान विभागात ॲना मणी यांनी सुमारे शंभर हवामान उपकरणांचे आराखडे प्रमाणित केले आणि ती उपकरणे देशातच बनू लागली. मोजमाप चुकीचे असण्यापेक्षा नसलेले बरे, इतक्या काटेकोरपणे त्यांनी हे काम केले. अशा नोंदींच्या आधारेच पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने २०२० मध्ये भारताच्या हवामानबदलाचा पहिला राष्ट्रीय आढावा प्रसिद्ध झाला. १९०१ ते २०१८ या काळात देशाचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंश सेल्सिअसने वाढले, असे त्यात नोंदवले आहे. मध्य भारतात एका दिवसात १५० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडण्याच्या घटना १९५० ते २०१५ या काळात सुमारे ७५ टक्क्यांनी वाढल्या, असेही त्यात म्हटले आहे. होशंगाबाद याच मध्य भारतात आहे. ज्या प्रदेशातील मुले तीस वर्षे हाताने विज्ञान शिकत होती, त्याच प्रदेशाचा पाऊस त्याच काळात बदलत होता.

हे मोठे चित्र मुलांपर्यंत नेण्याचा सर्वांत भव्य प्रयत्न रुळांवरून झाला. ‘सायन्स एक्स्प्रेस’ ही सोळा डब्यांची प्रदर्शन-गाडी ३० ऑक्टोबर २००७ रोजी दिल्लीच्या सफदरजंग स्थानकावरून निघाली. तेव्हा पंतप्रधान मनमोहन सिंग आणि जर्मनीच्या चॅन्सलर अँगेला मर्केल उपस्थित होते. गाडीचे संचालन अहमदाबादच्या विक्रम साराभाई सामुदायिक विज्ञान केंद्राकडे होते. १५ ऑक्टोबर २०१५ पासून तिने हवामानबदलाचा विषय घेतला आणि नाव झाले ‘क्लायमेट ॲक्शन स्पेशल’. पॅरिसची हवामान परिषद तेव्हा दीड महिन्यावर आली होती. २०१७ च्या फेरीत ती ६८ स्थानकांवर थांबली. ज्या गावात विज्ञानसंग्रहालय नाही, तेथील मुले गणवेशात, रांगेने, फलाटावर उभी राहिली. डब्यांत शिरल्यावर त्यांना हरितगृह परिणामाचे प्रतिरूप दिसले, हिमनदीची चित्रे दिसली आणि सौरऊर्जेची उपकरणे दिसली. पहिल्या आठ फेऱ्यांत मिळून दीड कोटींहून अधिक भेटींची नोंद झाली.

गाडीने कुतूहल जागे केले, यात शंका नाही. पण गाडी एका गावी तीन-चार दिवस थांबे आणि पुढे जाई. सप्टेंबर २०१७ मध्ये तिची शेवटची फेरी गांधीनगरला संपली. फलाट रिकामा झाल्यावर त्या गावातल्या शाळेकडे हवामान मोजण्याचे काय साधन उरले, हा प्रश्न राहिला.

त्या प्रश्नाचे एक उत्तर दक्षिणेत आकार घेत होते. बंगळूरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्राने ‘नेचर कॉन्झर्व्हेशन फाउंडेशन’च्या साथीने ‘सीझनवॉच’ हा उपक्रम सुरू केला होता. त्याची रीत कोणत्याही शाळेला झेपेल अशी आहे. मुलाने आपल्या घराजवळचे किंवा शाळेच्या आवारातले एक झाड निवडायचे. आंबा, फणस, चिंच, बहावा, कोणतेही ओळखीचे झाड चालते. दर आठवड्याला त्याच झाडाकडे पाहायचे : कोवळी पाने आहेत का, मोहोर किंवा फुले आहेत का, फळे आहेत का, मुळीच नाहीत, थोडी आहेत की पुष्कळ आहेत. एवढी नोंद करायची आणि पाठवायची. झाडांच्या ऋतुचक्राचे असे शास्त्र आहे आणि जपानमध्ये चेरीच्या बहराच्या नोंदी शेकडो वर्षे मागे जातात. भारतात तशी सलग मालिका जवळजवळ नव्हती. ‘मातृभूमी’ या मल्याळम वृत्तपत्राच्या ‘सीड’ या शालेय उपक्रमाची जोड मिळाल्यावर केरळच्या शाळांतून नोंदींचा ओघ सुरू झाला. या देशव्यापी संग्रहातील बहुसंख्य नोंदी केरळच्या शाळकरी मुलांच्या आहेत.

केरळमध्येच हे का जमले, याला इतिहास आहे. १९६२ पासून ‘केरळ शास्त्र साहित्य परिषद’ खेडोपाडी विज्ञान नेत होती. सायलेंट व्हॅलीच्या जंगलासाठी झालेल्या चळवळीत शिक्षक आघाडीवर होते. मोजून बोलण्याची सवय तेथील शिक्षकवर्गात एका पिढीपासून होती. शिवाय मुलांच्या हाती आलेले झाड परके नव्हते. बहाव्याला मल्याळममध्ये कणिकोन्ना म्हणतात. एप्रिलच्या मध्यावर येणाऱ्या विषूच्या सणाला त्याच्या पिवळ्या फुलांवाचून पूजा होत नाही. महाराष्ट्रात मृग आणि पाऊस यांचे जे नाते, तेच तेथे विषू आणि कोन्नाचे. तो विषूच्या कितीतरी आधी फुलू लागल्याचे, अवेळी फुलत असल्याचे मुलांच्या वह्यांत उमटू लागले. हवामानबदल ही दूरच्या ध्रुवावरची बातमी न राहता देव्हाऱ्यापर्यंत आली. एका वर्षीच्या अवेळी बहराने काही सिद्ध होत नाही, हेही मुले याच कामातून शिकली. सिद्ध करायचे तर मोजत राहावे लागते.

ऑगस्ट २०१८ च्या महापुरात केरळमध्ये चारशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. पाऊस दऱ्याखोऱ्यांत अतिशय असमान पडतो, दोन डोंगरांमध्येही त्यात मोठा फरक असतो आणि मोजणारी केंद्रे मात्र विरळ आहेत, हे त्या आपत्तीने दाखवून दिले. पुढे ‘समग्र शिक्षा केरळ’ने भूगोल शिकवला जाणाऱ्या दोनशेहून अधिक उच्च माध्यमिक शाळांत हवामान केंद्रे उभारण्याचे काम हाती घेतले. २०२२ पासून ती सुरू होऊ लागली. पर्जन्यमापक, कमाल-किमान तापमापक, आर्द्रता मोजणारा ओला-कोरडा तापमापक, वातकुक्कुट आणि वाऱ्याचा वेग मोजणारा पेल्यांचा वायुवेगमापक, ही सारी साधने भूगोलाच्या पुस्तकात चित्ररूपाने शतकभर होती. आता ती आवारात आली.

अशा केंद्राचा लाभ साधा आणि खोल असतो. पर्जन्यमापकातील एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटरवर एक लिटर पाणी. दोनशे चौरस मीटरच्या शाळेच्या छपरावर दहा मिलिमीटर पाऊस पडला, तर दोन हजार लिटर पाणी पडले. हा हिशेब ज्याने एकदा स्वतः केला, त्याला ‘अतिवृष्टी’ हा शब्द केवळ बातमीतला राहत नाही. याच कामात विज्ञानाची शिस्तही कळते. हवामान विभागाची पावसाची दैनिक मोजणी सकाळी साडेआठला होते. घंटा झाल्यावर दहाला मोजलेला आकडा तिच्याशी जुळत नाही. झाडाखाली ठेवलेला पर्जन्यमापक खोटे बोलतो. मे महिन्याच्या सुट्टीत नोंद चुकली, तर वर्षाची मालिका तुटते. या चुका मुले करतात आणि त्या शोधून काढतात. सरासरी, तफावत, कल आणि अनिश्चितता हे हवामानबदलाच्या विज्ञानातले कठीण शब्द त्यांना अशा वेळी उमगू लागतात.

नेमक्या याच सुमारास देशाच्या पाठ्यपुस्तकांत उलट दिशेने हालचाल झाली. महामारीने झालेले शैक्षणिक नुकसान आणि मुलांवरचा भार हे कारण देऊन एनसीईआरटीने २०२२ मध्ये पुस्तकांची काटछाट केली. सातवीच्या विज्ञानातून हवामान आणि प्राण्यांचे अनुकूलन, तसेच वारे, वादळे आणि चक्रीवादळे ही दोन प्रकरणे गेली. दहावीतून ऊर्जेचे स्रोत आणि नैसर्गिक संसाधनांचे व्यवस्थापन ही प्रकरणे गेली. बारावीच्या जीवशास्त्रातून ‘पर्यावरणीय समस्या’ हे संपूर्ण प्रकरण गेले. शिक्षकांनी आणि शास्त्रज्ञांनी आक्षेप घेतले. विषय अन्यत्र आलेले आहेत, असा परिषदेचा युक्तिवाद होता. भार कमी करणे गरजेचे होते, हे मान्य केले तरी काय वगळायचे, यातून त्या विषयाचे स्थान कळते. न्यायालयाच्या आदेशाने मिळालेली जागा सुरक्षित नव्हती, एवढे त्यातून उघड झाले.

हा प्रश्न केवळ अभ्यासक्रमाचा नाही, हे ३० जुलै २०२४ च्या पहाटे वायनाडमध्ये दिसले. मुंडक्कै आणि चूरलमला या गावांवर डोंगर कोसळला आणि अडीचशेहून अधिक माणसे गेली. त्या भागात ४८ तासांत ५७२ मिलिमीटर पाऊस झाल्याचे राज्याच्या मुख्यमंत्र्यांनी सांगितले. मानवनिर्मित तापमानवाढीमुळे तो पाऊस सुमारे १० टक्क्यांनी अधिक तीव्र झाला, असा निष्कर्ष ‘वर्ल्ड वेदर ॲट्रिब्यूशन’ या आंतरराष्ट्रीय शास्त्रज्ञगटाने काढला. वायनाडमधील ‘ह्यूम सेंटर’ ही संस्था जिल्हाभर स्थानिक लोकांकडून पर्जन्यमापकांच्या नोंदी गोळा करते. त्यांच्या आधारे तिने आदल्याच दिवशी धोक्याची सूचना प्रशासनाला दिली होती. डोंगरावरच्या साध्या पर्जन्यमापकाचे मोल किती, हे त्या रात्रीने दाखवले.

दरडीच्या वाटेत वेळ्ळारमला येथील सरकारी शाळा होती. इमारतीचा मोठा भाग नष्ट झाला. शाळेतील अनेक विद्यार्थी दगावले. दुर्घटनेनंतर लोकांच्या लक्षात आले, की काही आठवड्यांपूर्वी शाळेच्या डिजिटल नियतकालिकात आठवीतल्या एका मुलीची कथा आली होती. त्या कथेत एक पक्षी मुलांना सांगतो, की येथे संकट येणार आहे, येथून पळा. मुलांना आपला डोंगर कळत होता. जे त्यांना आतून जाणवत होते, त्याला आकड्यांची भाषा देणे हे शाळेचे काम आहे. ते झाले, तर मुलांचे म्हणणे कथेत अडकून पडत नाही. गावाला आणि प्रशासनाला ते ऐकावे लागते.

२०२३ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात दहावीसाठी पर्यावरणशिक्षण हे पुन्हा स्वतंत्र अभ्यासक्षेत्र म्हणून आले आहे. १९९१ पासूनच्या प्रवासाचे हे नवे वळण आहे. ते पुन्हा प्रकल्पवहीच्या नकलेत संपेल की नाही, हे परीक्षा काय विचारते यावर ठरेल. होशंगाबादने ते पन्नास वर्षांपूर्वी दाखवले आहे. ‘हरितगृह परिणाम म्हणजे काय?’ हा प्रश्न पाठांतराने सुटतो. ‘तुमच्या शाळेच्या गेल्या पाच वर्षांच्या पावसाच्या नोंदींवरून काय म्हणता येईल आणि काय म्हणता येणार नाही?’ हा प्रश्न पाठांतराने सुटत नाही.

पन्नास वर्षांच्या या इतिहासाचा निष्कर्ष एवढाच निघतो, की हवामान शिकण्यासाठी शाळा ही विलक्षण योग्य जागा आहे. गावात एकाच ठिकाणी तीस वर्षे उभी राहणारी आणि दर जूनमध्ये नवे निरीक्षक मिळणारी दुसरी संस्था क्वचितच असते. कोणताही एक विद्यार्थी हवामान मोजू शकत नाही. तो पाच-सात वर्षांची हवा मोजतो आणि वही पुढच्या वर्गाच्या हाती देतो. हवामान शाळा मोजते. सोळा डब्यांची गाडी दहा वर्षांत थांबली, बालविज्ञान परिषदेचा विषय दोन वर्षांत बदलला आणि होशंगाबादची प्रयोगशाळा तिसाव्या वर्षी बंद झाली. केरळमधल्या ज्या शाळांनी २०२२ मध्ये पहिला आकडा लिहिला, त्यांची तीस वर्षे २०५२ मध्ये पूर्ण होतील. तोवर पर्जन्यमापक जागेवर राहिला आणि वही हातातून हातात जात राहिली, तर त्या वर्षीच्या वर्गाला आपल्या गावाच्या हवामानाविषयी बोलण्यासाठी दुसऱ्या कोणाचे पुस्तक उघडावे लागणार नाही.